हेकलर म्हणजे गोंधळ घालणारा नव्हे!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. विधानसभा निवडणुकीचा प्रचार ऐन रंगात आला होता. आमच्या जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, वस्तीच्या तोंडाशीच एका उमेदवाराची सभा लागली होती. स्टेज, लाऊडस्पीकर, हार-तुरे, सर्व काही व्यवस्थित. भाषण सुरू असताना समोर जमिनीवर बसलेली एक बाई उठून उभी राहिली. वय साठीच्या घरातले, आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली. वस्तीतील लहानथोर तिला आक्का म्हणतात. तिने विचारले, "सायेब, मसणवाट्याचा रस्ता कवा व्हनार? पावसाळ्यात मढं न्यायचं म्हनलं तर गुडघाभर चिखल तुडवावा लागतो."

प्रश्न सरळ होता. उमेदवाराने माईक तोंडाजवळ धरून उत्तर दिले, "आक्का, तुम्हाला एवढी काय घाई झाली आहे तिकडे जायची?" स्टेज हसले. स्टेज हसले म्हणून पुढच्या खुर्च्या हसल्या. खुर्च्या हसल्या म्हणून मागची गर्दीही हसली. आक्का मात्र खाली बसली नाही. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग दोन कार्यकर्त्यांनी तिचे दंड धरले आणि पोलिसांनी तिला जीपमध्ये बसवले.

दुसऱ्या दिवशी एका मराठी दैनिकात चार ओळी छापून आल्या: सभेत महिलेचा गोंधळ. एका इंग्रजी दैनिकाने लिहिले की, स्थानिक महिलेने उमेदवाराला ‘हेकल’ केले. पोलिसांनी लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७ लावले. आम्ही तिचे वकीलपत्र घेतले, तेव्हा टेबलावर ही तीन कागदे होती. तिन्ही कागदांत एका प्रश्नाला तीन नावे दिली होती आणि ‘प्रश्न’ हे नाव मात्र एकातही नव्हते!

इंग्रजी शब्दकोश उघडला तर ‘हेकल’ म्हणजे भाषण करणाऱ्याला मध्येच अडवून टोमणे मारणे, त्याची टर उडवणे, त्याला अडचणीत आणणारे बोलणे, असा अर्थ मिळतो. आता वाचकांनीच सांगावे की, त्या सभेत टर कोणी कोणाची उडवली? मरणावरून विनोद कोणी केला? माईक कोणाच्या हातात होता? तरीही हेकलर ठरली ती आक्काच. म्हणून हा शब्द आला तरी कुठून, हे आम्ही खोलात जाऊन पाहिले. आणि जे हाती लागले ते आमच्या वाचकांसमोर मांडावेसे वाटले, कारण या शब्दाचा जन्म कोणा पंडिताच्या बैठकीत झालेला नाही, तो कामगाराच्या हातातील अवजारातून झालेला आहे.

हेकल ही मुळात एक फणी आहे. लाकडी फळीवर लोखंडी किंवा पोलादी दाते ओळीने उभे ठोकलेले असत. जवसाच्या झाडाचा तंतू या दातांवर आपटून ओढायचा, पुन्हा आपटायचा, पुन्हा ओढायचा, म्हणजे त्यातील काडीकचरा, गुंता, आखूड तंतू बाजूला पडत आणि लांब सरळ तंतू हातात राही. त्या तंतूचे सूत काढून लिननचे कापड विणले जाई. होय, हे तेच जवस, ज्याची चटणी विदर्भ-मराठवाड्यात भाकरीबरोबर खाल्ली जाते. आपण त्याचे बी खाल्ले, युरोपने त्याचा सदराही घातला. झाड कापून पाण्यात कुजवायचे, वाळवायचे, कुटायचे आणि मग फणीवर घ्यायचे, असा तो क्रम. आमच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. अंबाडी आणि घायपात कुजवून, झोडपून, त्याचा वाख काढून दोर वळण्याचे काम आपल्याकडे मातंग बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. ज्याने वाख झाडला आहे, त्याला हेकल म्हणजे काय ते एका वाक्यात कळेल.

तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास ही फणी इंग्रजीत लिखित स्वरूपात दिसू लागते. ‘हूक’ या शब्दाशी तिचे नाते आहे, म्हणजे अडकवणारा आकडा. शेजारच्या भाषांतही हे भावंड आहे. डच भाषेत ‘हेकेल’ म्हणजे हीच फणी आणि एखाद्याला फणीवरून ओढणे म्हणजे त्याच्यावर सडकून टीका करणे. इतकेच नव्हे तर उपरोधाच्या कवितेला डच भाषेत ‘हेकेलडिख्ट’, म्हणजे शब्दशः फणीची कविता, असेच म्हणतात. जर्मनमध्ये एखाद्याच्या पाठीमागे त्याच्याबद्दल वाईटसाईट बोलण्याला याच फणीवरून शब्द आहे. एवढेच कशाला, इंग्रजीतील ‘टीझ’, म्हणजे चिडवणे, हाही मुळात लोकर विंचरण्याचा, तिचे तंतू ओढून मोकळे करण्याचा शब्द आहे. चिडवण्याची भाषा लोकरीतून आली आणि भर सभेत धारेवर धरण्याची भाषा जवसाच्या तंतूतून आली. लोकर मऊ, तंतू चिवट, त्यामुळे एक शब्द हलका राहिला आणि दुसऱ्याला दाते फुटले, असे आम्हाला वाटते. हा आमचा अंदाज आहे, भाषाशास्त्रज्ञांनी रागावू नये.

मराठीतही आपण जिल्हा ‘पिंजून’ काढतो. हा शब्द पिंजाऱ्याचा आहे. म्हणजे श्रम करणाऱ्याचे हात भाषेला शब्द देतात आणि पुढे शब्द राहतो, हात विसरले जातात. हे सर्वत्रच घडलेले आहे.

फणी सभेत कशी आली, हा खरा प्रश्न. त्यासाठी स्कॉटलंडला जावे लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे ‘हेकल करणे’ याचा अर्थ कसून प्रश्न विचारून समोरच्याचा कच्चा दुवा उघडा करणे असा होऊ लागला होता. आणि पुढे दीर्घकाळ स्कॉटलंडमध्ये हा शब्द एका विशिष्ट गोष्टीसाठी वापरला गेला, ती म्हणजे पार्लमेंटच्या उमेदवाराला जाहीर सभेत प्रश्न विचारणे. लक्षात घ्या, टवाळी करणे हा त्याचा तेथील मूळ राजकीय अर्थ नाहीच. प्रश्न विचारणे हा आहे! आम्ही न्यायालयात जी उलटतपासणी घेतो, तिच्या जवळचा हा शब्द आहे. साक्षीदाराचे म्हणणे फणीवर घ्यायचे आणि कचरा किती, तंतू किती, ते न्यायाधीशांसमोर ठेवायचे, हेच तर आमचे काम.

या अर्थाचे श्रेय अनेकदा डंडी या शहराला दिले जाते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील डंडी हे लिननचे मोठे केंद्र होते. तेथे तंतू विंचरणाऱ्या कामगारांनाच ‘हेकलर’ म्हणत. यंत्रे येण्यापूर्वी हे कुशल कारागीर होते, त्यांच्या हाताशिवाय पुढचे काम अडत असे, म्हणून त्यांची एकजूट भक्कम होती आणि मालकाशी ते ताठ मानेने बोलत. असे सांगितले जाते की, कारखान्यात धूळ उडत असताना, सर्वांचे हात फणीवर चालू असताना, त्यांच्यापैकी एक जण हातातले काम बाजूला ठेवून मोठ्याने वर्तमानपत्र वाची. बाकीचे ऐकत, मध्येच थांबवत, वाद घालत, मंत्र्यांच्या भाषणातील एकेक वाक्य ओढून पाहत. एक वाचतो, बाकीचे ऐकतात! हे दृश्य आमच्या पिढीने पाहिलेले आहे. आमच्या लहानपणी वस्तीत एकच पेपर येई, वाचता येणारा पोरगा ओट्यावर बसून तो वाची आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती अशी माणसे त्यावर असे काही प्रश्न विचारीत की, वाचणाऱ्याची भंबेरी उडे.

एकट्या डंडीनेच या शब्दाला नवा अर्थ दिला, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण डंडीचा स्वभाव मात्र इतिहासात नोंदलेला आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वाऱ्यात १७९२ मध्ये तेथे स्वातंत्र्याचे झाड लावले गेले. १७९३ मध्ये थॉमस फिश पामर या तेथील धर्मोपदेशकाला एका पत्रकाबद्दल सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला पाठवण्याची शिक्षा झाली. ते पत्रक मुळात जॉर्ज मीलमेकर नावाच्या डंडीच्या विणकराने लिहिले होते. पुढे १७९८ मध्ये मीलमेकरलाही चौदा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गुन्हा काय, तर राजद्रोह! युद्ध आणि करांचा बोजा याबद्दल विणकर प्रश्न विचारतो, म्हणजे राज्य उलथवतो, हे तर्कट फार जुने आहे. ते जहाजातून आपल्याकडेही आले आणि दीड शतकाहून अधिक काळ भारतीय दंड विधानात ठाण मांडून बसले.

प्रसिद्ध स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स हाही १७८१ मध्ये आयर्विन गावी हेच तंतू विंचरण्याचे काम शिकायला गेला होता. नववर्षाच्या जल्लोषात त्या दुकानाला आग लागली आणि त्याचा तो धंदा तेथेच संपला. असो.

मुद्दा असा की, हे प्रश्न विचारणारे लोक कोण होते? १८३२ च्या सुधारणा कायद्यापूर्वी संपूर्ण स्कॉटलंडमध्ये मतदार किती होते? पाच हजारांच्या आत! लोकसंख्या वीस लाखांच्या वर. सुधारणेनंतर मतदारांची संख्या सुमारे ६५ हजार झाली, तरी कामगार त्यात जवळजवळ नव्हताच. मतदान गुप्त झाले ते १८७२ मध्ये. तोपर्यंत उमेदवार उघड्यावर फळ्यांच्या मंचावर उभे राहत आणि समोर सगळे गाव जमे. मत मूठभरांना, तोंड मात्र सगळ्यांना. ज्याला मतपेटीपर्यंत जाता येत नव्हते, तो मंचापर्यंत आवाज पोहोचवत होता. हेकल हा बिनमताच्या माणसाचा मताधिकार होता. इंग्रजी शब्दकोशातील ‘टोमणे मारणे’ हा अर्थ वाचताना ही बाजू दिसत नाही, कारण प्रश्नाला टोमणा म्हणायचे की नाही, हे ठरवणारा माणूस बहुतेक वेळा मंचावर बसलेला असतो.

पुढचा प्रसंग मँचेस्टरचा आहे. १३ ऑक्टोबर १९०५. फ्री ट्रेड हॉलमध्ये लिबरल पक्षाची सभा होती, वक्ते सर एडवर्ड ग्रे. प्रेक्षकांत ॲनी केनी नावाची तरुणी बसली होती. दहाव्या वर्षापासून कापडगिरणीत राबलेली, गिरणीच्या चात्यात एक बोट गमावलेली. तिच्या शेजारी ख्रिस्ताबेल पँखर्स्ट. त्यांनी एकच विचारले, तुमचे सरकार आले तर स्त्रियांना मताधिकार देणार का? उत्तर आले नाही. चिठ्ठी पाठवली, तरी उत्तर नाही. पुन्हा विचारल्यावर दोघींना ओढून बाहेर काढले. त्या झटापटीत ख्रिस्ताबेल पोलिसावर थुंकली, असा आरोप लागला. दंड भरण्यास दोघींनी नकार दिला. ख्रिस्ताबेलने सात दिवस, ॲनीने तीन दिवस तुरुंग भोगला. एका प्रश्नाचे उत्तर न देण्याची किंमत लिबरल पक्षाने पुढची कित्येक वर्षे मोजली, कारण त्या दिवसापासून सभांमधून तोच प्रश्न उठू लागला. हीच ख्रिस्ताबेल १९०६ मध्ये कायद्याची पदवी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाली. परंतु बाई असल्यामुळे तिला वकिली करता आली नाही! न्यायालयात उलटतपासणी घेण्यास बंदी, म्हणून तिने ती सभागृहात घेतली, असे आम्ही म्हटले तर काय चुकले?

आणि याच १९०६ मध्ये लंडनच्या एका दैनिकाने या स्त्रियांची टवाळी करण्यासाठी ‘सफ्रेजेट’ असा शब्द काढला. मूळ शब्दाला लहानपण दाखवणारे शेपूट जोडले, म्हणजे मताधिकारवाल्या चिमुरड्या. स्त्रियांनी तो शब्द उचलला आणि आपल्या वृत्तपत्राच्या मथळ्यावर छापला. शिवी देणाऱ्याच्या हातून शिवी काढून घेण्याची ही रीत दलित साहित्याच्या वाचकांना नवी नाही.

१९०८ मध्ये विन्स्टन चर्चिल डंडीतून पोटनिवडणुकीला उभे राहिले. तेथे मेरी मलोनी नावाची कार्यकर्ती हातात मोठी घंटा घेऊन त्यांच्या सभांमागे फिरली. चर्चिल यांनी तोंड उघडले की ती घंटा वाजवी. स्त्रियांच्या चळवळीबद्दल केलेल्या वक्तव्याची माफी मागा, ही तिची मागणी. लोक हसले, पण चर्चिल निवडून आले. येथे आम्हाला प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवावी लागेल. घंटा हा प्रश्न नाही. प्रश्नाला उत्तराची जागा लागते, घंटा ती जागाच खाऊन टाकते. ॲनी केनी आणि मेरी मलोनी एकाच लढ्यातल्या, एकाच अन्यायाने पेटलेल्या, तरी त्यांच्या कृतीत फरक आहे, आणि तो फरक पुढे आपल्याला लागणार आहे. चौदा वर्षांनी, १९२२ मध्ये, याच डंडीने चर्चिल यांना पाडले. तोपर्यंत तीस वर्षांवरील अनेक स्त्रियांना मत मिळालेले होते. त्या वेळी डंडी हे तागाचे शहर झाले होते. बंगालच्या शेतकऱ्याने पिकवलेला ताग तेथे जाई, देवमाशाच्या तेलाने मऊ केला जाई आणि गिरणीत राबणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या.

या सभांमधील प्रश्नांनी बेजार झालेल्या ब्रिटिश पार्लमेंटने १९०८ च्या अखेरीस एक छोटेसे बिल घाईघाईने संमत केले. त्याचे नाव पब्लिक मीटिंग ॲक्ट. ज्या कामासाठी सभा बोलावली ते काम होऊ न देण्याच्या हेतूने कोणी सभेत बेशिस्तपणे वागला, तर तो गुन्हा. आता आमच्या आक्कावर लावलेले कलम १२७ काढून वाचा. शब्दांची ठेवण जवळजवळ तीच! मताधिकार मागणाऱ्या बायकांना गप्प बसवण्यासाठी केलेल्या कायद्याची भाषा, सर्व प्रौढांना मताधिकार देणाऱ्या आमच्या प्रजासत्ताकाच्या कायद्यात येऊन बसली आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक. आम्ही हे कलम रद्द करा असे म्हणत नाही. उमेदवार कोणताही असो, त्याची सभा गुंडांनी उधळू नये, हे योग्यच आहे. आमच्या माणसांच्या सभा कशा उधळल्या जातात, वीज कशी तोडली जाते, दगड कुठून येतात, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. परंतु कलमातील ‘हेतूने’ हा शब्द पोलीस ठाण्यात कोणी वाचत नाही, हे आमचे दुखणे आहे. सभा बंद पाडण्याचा हेतू आणि सभेतून उत्तर घेऊन जाण्याचा हेतू, हे एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे हेतू आहेत. ज्याला उत्तर हवे, त्याला सभा चालू हवी असते.

अमेरिकेतील कायद्याच्या अभ्यासकांनी यासाठी एक संज्ञा रूढ केली आहे, ‘हेकलर्स व्हेटो’. म्हणजे समोरचा जमाव चिडेल, दंगा करील, या भीतीने सरकारनेच बोलणाऱ्याला गप्प करणे. तेथे हेकलर हा शब्द पार उलटा झालेला दिसतो. फणी हातात घेतलेला कामगार गेला आणि धमकी देणारा जमाव आला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हा प्रश्न १९८९ मध्ये एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या खटल्यात हाताळला. प्रकरण ‘ओरे ओरु ग्रामथिले’ या तमिळ चित्रपटाचे होते. त्या चित्रपटात जातीवर आधारित आरक्षणावर टीका होती. मद्रास उच्च न्यायालयाने त्याचे प्रमाणपत्र रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बहाल केले आणि बजावले की, निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्तीचा गळा घोटता येणार नाही, चिडलेला श्रोतृवर्ग आवरणे हे राज्याचे कर्तव्य आहे, त्यात असमर्थता सांगता येणार नाही.

या निर्णयावर आमच्या मित्रांत आजही वाद होतो. आरक्षणाच्या विरोधातील चित्रपटाला संरक्षण मिळाले, मग आपण त्याचे कौतुक का करायचे, असे काही जण विचारतात. त्यांचा राग आम्हाला समजतो. पण वकील म्हणून आमचा अनुभव वेगळा आहे. ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होईल’ या एका वाक्यावर आमच्याच सभा, आमच्याच मिरवणुका अडवल्या जातात, तेव्हा युक्तिवादात आम्ही याच निकालाचा आधार घेतो. विरोधकासाठी उघडलेले दार आपल्यासाठीही उघडे राहते. आणि त्या चित्रपटाला उत्तर देण्याचा मार्ग थिएटरवर दगड मारण्याचा नव्हता, तर थिएटरबाहेर उभे राहून, नोकऱ्यांत कोणत्या जागांवर कोण बसले आहे, हे विचारण्याचा होता. म्हणजेच हेकल करण्याचा, डंडीच्या अर्थाने.

सत्ताधाऱ्यांना मात्र दोन्ही सारखेच दिसतात. २००५ च्या सप्टेंबरमध्ये ब्रायटन येथे ब्रिटनच्या मजूर पक्षाची परिषद भरली होती. परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ इराक युद्धाचे समर्थन करीत असताना ८२ वर्षांचे वॉल्टर वोल्फगँग ओरडले, "नॉनसेन्स!" एकच शब्द. नाझींच्या छळामुळे लहानपणी जर्मनी सोडलेला हा म्हातारा पक्षाचा जुना सदस्य होता. त्यांना खुर्चीवरून उचलून बाहेर काढले आणि परत आत येऊ लागले तेव्हा पोलिसांनी कोणता कायदा दाखवला? दहशतवादविरोधी कायद्याचे कलम ४४! दुसऱ्या दिवशी पक्षाने माफी मागितली, ते सभागृहात आले तेव्हा प्रतिनिधींनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. पुढे २०१० मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने एका दुसऱ्या प्रकरणात ते कलम ४४ मानवी हक्कांशी विसंगत ठरवले. म्हातारा भाग्यवान, कॅमेरे चालू होते. आमच्या आक्काच्या वेळी कॅमेरा स्टेजकडे तोंड करून होता.

आता थोडे आपल्या भाषेकडे. हेकल या शब्दाला मराठीत प्रतिशब्द काय, म्हणून आम्ही बराच विचार केला. टिंगल, टवाळी, खिल्ली, कुचेष्टा, हेटाळणी. शब्दांची कमतरता नाही. पण हे सर्व शब्द कुठून कुठे वाहतात ते पाहा. हेटाळणी बहुधा वरचा खालच्याची करतो. खालचा वरच्याला काही बोलला की लगेच वेगळा शब्दसाठा बाहेर येतो. उलट बोलतो, तोंड वर करून बोलते, आगाऊ आहे, जास्तच शहाणा झाला, माजलेत हे लोक! म्हणजे मराठीने वरून येणाऱ्या चेष्टेला विनोदाचे नाव दिले आणि खालून येणाऱ्या प्रश्नाला चारित्र्याचा दोष ठरवले. हेकल या शब्दासाठी मराठीत जागा नाही असे नाही, ती जागा भरलेली आहे, पण शिव्यांनी. आणि ‘गोंधळ’ हा शब्द? तो तर गोंधळी समाजाच्या रात्रभराच्या जागरणाचा, संबळ-तुणतुण्याचा. भटक्या माणसाच्या कलेचे नाव घेऊन आपण दंग्याला देऊन टाकले आणि बातमीच्या मथळ्यावर चढवले. ‘तमाशा करू नका’ हे वाक्य आम्ही पोलीस ठाण्यात किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही. तमाशात कोण नाचले, कोणी ढोलकी वाजवली, हे सर्वांना माहीत आहे.

आक्काचा खटला दोन वर्षे चालला. तारीख पडली की तिची दिवसाची मजुरी बुडे. दंड भरून मोकळे व्हा, असा सल्ला तिला बऱ्याच जणांनी दिला. तिने मानला नाही. शेवटी सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार, सभेचा एक संयोजक, पिंजऱ्यात आला. उलटतपासणीत आम्ही त्याला फार काही विचारले नाही.

आरोपी नेमके काय बोलली?

रस्ता कधी होणार असे बोलली.

कोणता रस्ता?

स्मशानभूमीचा.

उमेदवाराने त्यावर काय उत्तर दिले?

साक्षीदार गप्प. न्यायाधीशांनी पुन्हा विचारले. त्याने खाली बघत सांगितले. कोर्टात कोणी हसले नाही. त्या सभेत ज्या वाक्यावर सगळे हसले होते, तेच वाक्य टंकलेखकाने शांतपणे नोंदवून घेतले.

सभा किती वेळ बंद पडली?

बंद नाही पडली. साहेबांचे भाषण पूर्ण झाले.

सभा बंद पाडण्याचा हेतू सिद्ध होत नाही, म्हणून आक्का निर्दोष सुटली. स्मशानभूमीच्या वाटेवर त्यानंतर मुरूम पडला, डांबर पडलेले नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात चहा पिताना तिने विचारले, "वकीलसाहेब, त्या विंग्रजी पेपरात माझ्याबद्दल काय छापलं व्हतं?" आम्ही तिला फणीची, जवसाची, डंडीच्या कामगारांची गोष्ट थोडक्यात सांगितली. तिने बशीतला चहा संपवला आणि म्हणाली, "म्हंजी वाख झाडायचं काम. ते तर आमी लहानपनी शेजारी रोज बघितलंय." मग साडेचारची एसटी चुकेल म्हणून ती लगबगीने उठली.